नदीतला मासा कोणाच्या मालकीचा?

डिसेंबर २०२३ मध्ये निसर्गसंवर्धनाच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने आपल्या लाल यादीत ग्रेट ब्रिटनमधील अटलांटिक सॅमन माशाची नोंद 'धोक्यात आलेला' अशी केली. त्याच वर्षी स्कॉटलंडच्या नद्यांत गळाने पकडलेल्या सॅमनची संख्या सुमारे साडेबत्तीस हजार भरली. ही मोजदाद १९५२ पासून ठेवली जाते. इतका नीचांक त्यापूर्वी कधीही नोंदला गेलेला नव्हता.

दूरदेशीच्या एका माशासाठी समाजवादी साप्ताहिकाने आपले पान का खर्चावे, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर असे की, या माशाच्या निमित्ताने मालमत्तेच्या प्रश्नाचे एक फारच उघडे रूप पाहावयास मिळते. जमीन, कारखाना, खाण यांच्या मालकीची चर्चा आपण नेहमी करतो. वाहत्या पाण्यातून येणाऱ्या आणि जाणाऱ्या सजीवावर मालकी कशी बसविली जाते, ती कोणत्या पैशाने विकत घेतली जाते आणि सरंजामशाही कायद्याने संपुष्टात आल्यावरही ती कशी टिकून राहते, हे स्कॉटलंडच्या नद्यांकाठी स्पष्ट दिसते.

सॅमनचे जीवन थोडक्यात सांगितले पाहिजे. तो नदीच्या उगमाकडील वाळूखड्यांत जन्मतो, दोनतीन वर्षे गोड्या पाण्यात काढतो आणि मग समुद्रात उतरतो. उत्तर अटलांटिकमध्ये, थेट ग्रीनलंडच्या आसपासपर्यंत जाऊन तो वाढतो आणि अंडी घालण्यासाठी आपल्या जन्मनदीला परत येतो. त्याच्या अंगावरचे जवळजवळ सारे मांस समुद्राने दिलेले असते. नदीच्या मालकाने त्याला एक घासही भरविलेला नसतो. तरीही तो नदीच्या मुखाशी पोहोचला की त्याला पकडण्याचा हक्क कोणाच्या तरी दस्तऐवजात लिहिलेला असतो.

स्कॉटलंडच्या कायद्यात सॅमन पकडण्याचा हक्क मूळचा राजाचा. राजाने तो सनदा देऊन सरदारांना वाटला आणि पुढे तो जमिनीपासून वेगळा काढून विकता, भाड्याने देता आणि वारसाने मिळविता येईल अशी स्वतंत्र स्थावर मालमत्ता बनला. त्यामुळे नदीकाठची शेती एकाची आणि तिच्यासमोरच्या डोहातील सॅमनचा हक्क दुसऱ्याचा, असे घडू शकते. हा हक्क किनाऱ्यालगतच्या समुद्रालाही लागू आहे. तेथेही सामान्य नागरिकाला सॅमन धरण्याचा अधिकार नाही. नदीतच राहणाऱ्या तपकिरी ट्राउटची गोष्ट थोडी निराळी. तो काठाच्या जमीनमालकाचा समजला जातो आणि विनापरवाना धरणे हा बहुधा दिवाणी स्वरूपाचा प्रमाद ठरतो. सॅमनला मात्र फौजदारी कायद्याचे कवच आहे. १८६० च्या दशकातील कायद्यांनी नदीनदीवर मालकांची मंडळे स्थापन झाली. या मंडळांनी नेमलेल्या नदीरक्षकांना झडतीचे, जप्तीचे आणि अटकेचे अधिकार आहेत. पुढे या मंडळांवर गळवाल्यांचे आणि जाळेवाल्यांचे प्रतिनिधी घेण्यात आले. बहुमत मालकांचेच राहिले.

गेलिक भाषिक डोंगरी लोकांत एक जुनी म्हण आहे. डोहातील मासा, रानातील काठी आणि डोंगरावरील हरीण यांची चोरी करताना कोणा गेलाला कधी लाज वाटली नाही, असा तिचा आशय आहे. कायदा ज्याला चोरी म्हणतो त्याला समाज चोरी मानत नाही, ही विसंगती तेथील ग्रामीण जीवनात कित्येक पिढ्या नांदत आली आहे.

अफूच्या पैशाने घेतलेले बेट

या व्यवस्थेचा इतिहास पाहावयाचा तर स्कॉटलंडच्या वायव्येकडील लुईस या बेटाकडे पाहावे. ही कथा मुंबईच्या बंदराला येऊन भिडते.

१८४४ मध्ये जेम्स मॅथेसन यांनी हे बेट १ लाख ९० हजार पौंडांना विकत घेतले. जार्डिन मॅथेसन या पेढीचे ते भागीदार. चीनमध्ये अफू विकून त्यांनी अमाप संपत्ती जमविली होती. त्या अफूचा मोठा भाग माळव्यातला. माळव्याचा शेतकरी ती पिकवी, मुंबईच्या धक्क्यावरून ती कॅन्टनकडे रवाना होई आणि मुंबईतील त्या पेढीचे सर्वांत मोठे सहकारी व्यापारी होते जमशेटजी जीजीभाई. ज्या व्यापाराच्या नफ्यातून मुंबईत जमशेटजींच्या नावाने इस्पितळ उभे राहिले, त्याच व्यापाराच्या नफ्यातून लुईसच्या स्टोर्नोवे गावासमोर मॅथेसनसाहेबांचा किल्लेवजा वाडा उभा राहिला. माळव्याचा शेतकरी, चीनचा व्यसनी आणि लुईसचा खंडकरी यांनी एकमेकांचे तोंड कधी पाहिले नाही. त्या तिघांवर एकच हिशेबवही उघडलेली होती.

मॅथेसन यांनी बटाट्याच्या दुष्काळात बेटावर धान्य आणविले, रस्ते बांधले, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु त्याच मालकाच्या कारभारात १८५१ ते १८५५ या काळात सुमारे २,३०० बेटवासीयांची कॅनडाला रवानगी झाली. ज्यांचा खंड थकला होता, त्यांच्यापुढे दुसरा मार्ग ठेवण्यात आला नव्हता. मालकाच्या दानशूरपणाने भुकेल्याला पीठ मिळाले, जमिनीवरचा हक्क मिळाला नाही.

बेटाच्या आग्नेयेकडील पार्क भागातली गावे मेंढ्यांच्या कुरणासाठी आधीच उठविण्यात आली होती. १८८३ मध्ये त्या कुरणाचा पट्टा संपला, तेव्हा आसपासच्या भूमिहीनांनी ती जमीन कसण्यासाठी मागितली. मॅथेसन यांच्या विधवेने नकार दिला आणि तो भाग हरणांच्या शिकारीसाठी एका धनिक पाहुण्याला भाड्याने दिला. नोव्हेंबर १८८७ मध्ये उपाशी गावकरी बंदुका आणि झेंडे घेऊन त्या शिकारी रानात शिरले, हरणे मारली आणि शिजवून खाल्ली. दंगलीच्या आरोपावरून त्यांच्या पुढाऱ्यांना एडिंबरोच्या न्यायालयात उभे करण्यात आले. जानेवारी १८८८ मध्ये ज्यूरीने त्यांना निर्दोष सोडले.

त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये, त्याच बेटावरच्या ग्रिमर्स्टा नदीवर एका इंग्रज पाहुण्याने गळाने एका दिवसात ५४ सॅमन पकडले. पावसाने ओढ दिल्याने मासे नदीच्या मुखाशी अडकले होते. तेव्हा वरच्या तळ्याचे पाणी तात्पुरता बांध घालून अडविण्यात आले आणि एकदम सोडण्यात आले. नदी फुगली, मासे वर आले. मासेमारीच्या छंदाच्या इतिहासात हा विक्रम आजही कौतुकाने सांगितला जातो. हरणे मारून खाणाऱ्यांवर खटला आणि ५४ मासे मारणाऱ्याचा विक्रम, यांत अंतर केवळ काही महिन्यांचे आणि काही मैलांचे आहे.

कायदे आले, पाणी राहिले

१८८६ च्या कायद्याने क्रॉफ्टरांना, म्हणजे लहान खंडकरी शेतकऱ्यांना, जमिनीवरील वहिवाटीची शाश्वती आणि वाजवी खंड मिळाला. आपल्याकडील कूळकायद्याच्या परंपरेत वाढलेल्या वाचकाला त्याचे मोल सांगावयास नको. परंतु त्या कायद्याने कुळाच्या दारावरून वाहणाऱ्या ओढ्यातील सॅमनला हात लावला नाही.

१९१८ मध्ये हे बेट सनलाइट साबणाचे कारखानदार लॉर्ड लेव्हरह्यूम यांनी घेतले. त्यांच्या योजना फसल्यावर १९२३ मध्ये त्यांनी बेट रहिवाशांनाच देऊ केले. ग्रामीण भागातील क्रॉफ्टरांना करांचा बोजा आपल्यावर येईल अशी भीती वाटली आणि त्यांनी देणगी नाकारली. स्टोर्नोवे परगण्याने ती स्वीकारली. तेव्हापासून तेथील जमीन रहिवाशांनी निवडून दिलेल्या विश्वस्त मंडळाकडे आहे. उरलेले बेट तुकड्यातुकड्यांनी विकले गेले आणि ग्रिमर्स्टा एका खाजगी भागधारक मंडळाच्या हाती गेली. त्या नदीवर आजही तशीच मालकी आहे.

एका शतकानंतर स्कॉटलंडच्या संसदेने खरोखरीच मोठी पावले टाकली. २००० साली सरंजामी जमीनधारणा रद्द करणारा कायदा झाला आणि २८ नोव्हेंबर २००४ रोजी तो पूर्णपणे अमलात आला. सॅमनचा स्वतंत्र हक्क मात्र त्यातून सहीसलामत बाहेर पडला. २००३ च्या जमीनसुधारणा कायद्याने प्रत्येकाला डोंगरदऱ्यांत आणि पाण्यावर जबाबदारीने फिरण्याचा अधिकार दिला. नदीकाठी बसावे, नाव वल्हवावी. गळ टाकण्याची मुभा त्या अधिकारात नाही.

तथापि याच कायद्यात एक कलम फार महत्त्वाचे आहे. क्रॉफ्टरांच्या समुदायाला आपली जमीन, मालकाची इच्छा नसली तरी, खरेदी करता येते आणि तिच्याबरोबर त्या भागातील गोड्या पाण्यातील सॅमन पकडण्याचा हक्कही मागता येतो. गॅल्सन हा उत्तर लुईसचा विस्तीर्ण भाग २००७ मध्ये समुदायाच्या मालकीचा झाला. पार्क भागातील क्रॉफ्टर गावांची जमीन, मालकाशी दहा वर्षांहून अधिक काळ चाललेल्या झगड्यानंतर, डिसेंबर २०१५ मध्ये लोकांकडे आली. ज्या शिकारी रानात १८८७ ची मंडळी शिरली होती, ते मात्र खाजगीच राहिले. बाह्य हेब्रिडीज बेटांवरील बहुसंख्य लोक आज समुदायाच्या मालकीच्या जमिनीवर राहतात. ब्रिटनसारख्या देशात हे घडले, याचा आनंद प्रत्येक समाजवाद्याला वाटला पाहिजे.

राखणदारीचा दावा

नद्यांच्या मालकांचा युक्तिवाद असा की, आम्ही आहोत म्हणून मासा आहे. नदीरक्षकांचे पगार आम्ही भरतो, गळाने धरलेले बहुतेक मासे आमचे पाहुणे पुन्हा पाण्यात सोडतात आणि दुर्गम भागात आम्ही रोजगार देतो. या युक्तिवादाचा विचार प्रामाणिकपणे झाला पाहिजे, कारण त्यात तथ्याचा अंश आहे. सॅमन खरोखरीच संकटात आहे. उद्या नदीवरील सारी बंधने उठविली, तर लोकांना मासा मिळणार नाही. उरलासुरला मासा मात्र जाईल.

पण रोजगाराचे स्वरूप कसे असते? पाहुण्याला डोह दाखविणाऱ्या, त्याची नाव वल्हविणाऱ्या आणि मासा जाळीत घेणाऱ्या माणसाला तेथे 'घिली' म्हणतात. या गेलिक शब्दाचा मूळ अर्थ 'पोऱ्या'. नदीचे जे ज्ञान घिलीपाशी असते ते मालकापाशी क्वचितच असते. अनेकदा त्याचे घर इस्टेटीचे असते. नोकरी सुटली की छप्परही सुटते. नदीच्या भवितव्याबद्दल निर्णय घेणाऱ्या मंडळात त्याची जागा कोठे आहे, हा प्रश्न विचारला गेला पाहिजे.

संवर्धनाचा भार कोणी उचलला, हेही पाहावे. २०१६ पासून स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर जाळ्याने सॅमन धरून ठेवण्यास बंदी आहे. किनाऱ्यावरील जाळ्यात अनेक नद्यांचे मासे एकत्र सापडतात, त्यामुळे बंदीचे कारण शास्त्रीय होते आणि ते मान्य करावयास हवे. तथापि परिणाम असा झाला की, मासा विकून पोट भरणाऱ्याचा पिढीजात धंदा संपला आणि हजारो पौंड मोजून आठवडाभर गळ टाकणाऱ्याचा छंद चालू राहिला. संकट सर्वांवर आले. त्याग मात्र ज्याच्यापाशी कमी होते त्याने अधिक केला.

माशाच्या ऱ्हासाची कारणे गळाच्या पलीकडे आहेत. समुद्र तापतो आहे. किनाऱ्यालगतच्या खाड्यांत जाळ्यांचे पिंजरे टाकून वर्षाला दीड लाख टनांहून अधिक सॅमन पोसला जातो. हा धंदा बव्हंशी नॉर्वेच्या आणि अन्य परदेशी कंपन्यांच्या हाती आहे आणि त्या पिंजऱ्यांतील परजीवी उवा समुद्राकडे निघालेल्या रानटी पिल्लांना जडतात. नद्यांचे पाणीही उन्हाळ्यात तापते, कारण काठांवर सावली धरणारे वृक्ष नाहीत. ते का नाहीत? शिकारीसाठी हरणांची संख्या फुगवून ठेवलेल्या डोंगरांवर रोपटे वर येऊ शकत नाही. ज्या इस्टेटी माशाच्या राखणदार म्हणवितात, त्यांच्याच डोंगरांनी नदीची सावली खाल्ली आहे. हरणाचे भाडे आणि माशाचे भाडे एकाच खिशात जात असता नदीच्या हिताचा निवाडा त्या खिशावर सोपविता येणार नाही.

म्हणून प्रश्न 'मालकी की संवर्धन' असा मांडणे चूक आहे. स्टोर्नोवेच्या विश्वस्त मंडळाकडे क्रीड नदी आहे. तेथे गावचा माणूस परवाना घेऊन गळ टाकतो आणि नियम चुकीचे वाटले तर ते करणाऱ्या विश्वस्तांना पुढच्या निवडणुकीत जाब विचारू शकतो. त्या नदीतही मासा कमी झाला की बंधने घालावीच लागतात. फरक एवढा की, ती बंधने ज्यांच्यावर पडतात त्यांनीच ती घातलेली असतात. स्वतःच्या नदीवर स्वतः घातलेले बंधन माणूस अंधारातही पाळतो. परक्याच्या डोहावरचे बंधन रात्री मोडण्यात त्याच्या बापजाद्यांनी भूषण मानले होते.

जमीनसुधारणेच्या चळवळीने यातून घ्यावयाचा धडा असा : जमिनीबरोबर पाणी आणि पाण्यातील हक्क मागितले नाहीत, तर मिळविलेला सातबारा अर्धाच राहतो. स्कॉटलंडमधील आपल्या समविचारी मित्रांनी सॅमनचा स्वतंत्र हक्क ही जुनी राजसनद रद्द करण्याची, नदीमंडळांवर रहिवाशांचे आणि घिलींचे बहुमत आणण्याची आणि खाड्यांतील पिंजऱ्यांना कडक मर्यादा घालण्याची मागणी एकत्रितपणे लावून धरली पाहिजे. यांतली एक मागणी वगळली तर उरलेल्या दोन पांगळ्या होतात. आणि हे काम लवकर व्हावयास हवे. नदी लोकांच्या हाती येईल त्या दिवशी तिच्यात परत येणारा मासाही असला पाहिजे.