आरएसटी ६.५ : घोकलेला, पण न पाहिलेला इतिहास

आजचा धागा कोणत्याही किल्ल्याचा वा ताम्रपटाचा नाही. बारावीला द्विलक्षी संगणकशास्त्र घेतलेल्यांनी ‘ट्रॅप, आरएसटी ७.५, ६.५, ५.५, आयएनटीआर’ ही इंटरप्टांची उतरंड पाठ केली असेल. गोंदियात मीही केली. ६.५ चा पत्ता ००३४, विषय संपला. हे ६.५ कोणाच्या कामी आले, हा प्रश्न मात्र मला एम.ए.ला येईपर्यंत पडला नाही.

उत्तर सापडले ते १९८३ च्या टीआरएस-८० मॉडेल १०० मध्ये. जपानच्या क्योसेराने घडवलेला, अमेरिकेत रेडिओ शॅकने विकलेला हा संगणक दोन किलोच्या आतला. चार पेन्सिल सेलांवर चालणारा, ४० अक्षरांच्या आठ ओळी दाखवणारा. त्याच्या पोटात आपल्याच ८०८५ ची कमी वीज खाणारी आवृत्ती होती. बातमीदार परगावाहून टेलिफोनच्या तारेवरून बातमी धाडत, ती सेकंदाला ३०० बिट, म्हणजे जेमतेम ३० अक्षरे या गतीने.

सिरियल पोर्टवर अक्षर पूर्ण उतरले की ६.५ ची तार हलते. प्रोसेसर हातातली आज्ञा पुरी करतो, परतीचा पत्ता स्टॅकवर ठेवतो आणि ००३४ कडे धावतो. तेथून तो आधी रॅममधल्या एका ठरलेल्या जागी डोकावतो. एरवी तेथे ‘परत फिर’ एवढेच लिहिलेले असते. पण प्रोग्रामर तेथे स्वतःच्या आज्ञा बसवू शकत असे. नंतर अक्षर ६४ जागांच्या रांगेत जाते आणि अर्धवट काम पुढे सुरू होते. इंटरप्ट स्वीकारताच ८०८५ पुढच्या इंटरप्टांना दार लावून घेतो. निघताना ते उघडायचे राहिले, तर यंत्र बहिरे. कळफलकही मुका, कारण कळा वाचण्याचे काम ७.५ च्या ठोक्यावर चाले. बारकोड ५.५ कडे. आणि ट्रॅप? तो वीज संपत आल्याची वर्दी देई, म्हणूनच त्याला कोणी अडवू शकत नसे. उतरंडीचा अर्थ मला तेव्हा उमगला.

गोंदिया जंक्शनच्या माणसाला हे नवे नाही. शेजारच्या स्थानकाची ब्लॉक घंटा वाजली की स्टेशनमास्तर नोंदवही अर्धी सोडून आधी घंटेला उत्तर देतो, मग त्याच ओळीवर परततो.

८०८५ जुना झाला, अभ्यासक्रमातून काढा, असे म्हणणारे अभियंता म्हणून बरोबर असतील. माझे म्हणणे एवढेच की तो इतिहास म्हणून शिकवा. ‘इतिहासकाराने यंत्रभाषा कशाला शिकावी?’ असा आक्षेप येतो. पेशवे दफ्तर वाचायला मोडी लागते, याबद्दल कोणी वाद घालत नाही. मग येथेच का?

शिवाय यात आपलीही गोष्ट आहे. १९८३ साली गोंदिया भंडारा जिल्ह्यातले एक तालुक्याचे ठिकाण होते, आणि संगणकाची आयात निर्बंधांत अडकलेली. नवे संगणक धोरण आले ते नोव्हेंबर १९८४ मध्ये. चिप आमच्या क्रमिक पुस्तकात पोचली, तिने केलेले काम पोचले नाही. आमची पिढी उत्तरे शिकली, प्रश्न परदेशीच राहिले.

तुमच्या महाविद्यालयात ८०८५ चा ट्रेनर किट भंगारात निघाला असेल, तर आधी त्याच्या पाटीचे छायाचित्र घ्या. सोबतच्या वहीत कोणी हाताने प्रोग्राम लिहून ठेवले असतील, तर ती वही मात्र कोणाला देऊ नका.