खाडा झाला तरी चालेल, तारीख चुकवू नका



आपल्या वस्त्यांमधून एक समज घट्ट बसला आहे. लहान मुलीवर अत्याचार होतो, गुन्हा नोंदला जातो आणि चार दिवसांत आरोपी अटकपूर्व जामीन घेऊन येतो. लगेच लोक म्हणतात, "सुटला तो. संपली केस." मुलीचे आईबाप खचतात. मग कोणीतरी मध्यस्थ घरी येतो आणि तडजोडीची बोलणी सुरू होतात. हा समज चुकीचा आहे आणि घातकही आहे.

अटकपूर्व जामीन म्हणजे निर्दोष सुटका नव्हे. अटक झालीच तर जामिनावर सोडावे, एवढाच तो न्यायालयाचा आगाऊ हुकूम असतो. त्यानंतरही तपास चालतो, आरोपपत्र दाखल होते, खटला उभा राहतो. सूडापोटी कोणाला कोठडी घडू नये म्हणून 1973 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम 438 घातले गेले. 1 जुलै 2024 पासून ही तरतूद भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 482 मध्ये आहे. तरतूद मुळात वाईट नाही. आपल्या पोरांवर खोटी केस होते तेव्हा तीच कामी येते.

मात्र काही गुन्ह्यांत हे दार कायद्यानेच बंद केले आहे. 2018 च्या दुरुस्तीपासून 16 वर्षांखालील मुलीवरील बलात्कारात अटकपूर्व जामीन मिळत नाही. नव्या कायद्यात 18 वर्षांखालील मुलीवरील सामूहिक बलात्कारालाही हीच बंदी आहे. म्हणजे सगळे मुलीच्या वयावर येऊन ठेपते. आपल्याकडे अनेकांची जन्मतारीख गुरुजींनी लावलेली 1 जून असते. जन्म गावी झालेला, नोंद कुठे आहे ते कोणाला ठाऊक नसते. आरोपीचा वकील नेमके तिथेच बोट ठेवतो. शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा दहावीचे प्रमाणपत्र, ते नसेल तर महानगरपालिकेचा किंवा ग्रामपंचायतीचा जन्मदाखला, असा कायद्याचा क्रम आहे. हे कागद आजच काढून ठेवावेत.

इतर गुन्ह्यांत, उदाहरणार्थ पॉक्सोखालील विनयभंगात, जामीन द्यायचा की नाही हे न्यायालय ठरवते. गुन्हा किती गंभीर आहे, आरोपी पळेल का, साक्षीदारांना दमदाटी करील का, हे पाहिले जाते. इथे दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. सतरा वर्षांची मुलगी आणि वीस वर्षांचा मुलगा यांचे मन जुळते, जात आडवी येते आणि मुलीच्या घरचे पॉक्सोची फिर्याद देतात. अशा वेळी मुलाला गावी लपवून ठेवू नये. फरार राहिल्याने बाजू पडते. ताबडतोब वकील गाठावा.

आता बदलापूरचे उदाहरण पाहा. ऑगस्ट 2024 मध्ये तिथल्या एका शाळेत शिशुवर्गातील दोन चिमुकल्या मुलींवर सफाई कामगाराने अत्याचार केल्याची तक्रार झाली. पालकांना पोलीस ठाण्यात कित्येक तास ताटकळावे लागले. 20 ऑगस्टला लोकांनी रेल्वे रोखली. मुंबई उच्च न्यायालयाने प्रकरणाची स्वतःहून दखल घेतली. प्रकार कळूनही पोलिसांना कळवले नाही, असा आरोप शाळेच्या दोन पदाधिकाऱ्यांवर आला. पॉक्सोखाली तोही गुन्हा आहे. त्यांनी अटकपूर्व जामीन मागितला. कल्याणच्या न्यायालयाने तो फेटाळला आणि 1 ऑक्टोबर 2024 रोजी उच्च न्यायालयानेही फेटाळला. संस्थेचे पदाधिकारी आहेत म्हणून जामीन ठेवलेलाच, असे नाही, हे यातून दिसले.

परंतु प्रत्येक प्रकरणात रेल्वे रोखली जात नाही. आपल्या घरची केस असते तेव्हा न्यायालयात आपल्या बाजूने कोण उभे राहते? बहुधा फक्त सरकारी वकील. आणि त्यांच्या हातात फाइलींचा ढीग असतो. इथेच एक हक्क आहे. मुंबई उच्च न्यायालयाने 8 एप्रिल 2021 रोजी अर्जुन मालगे यांच्या जनहित याचिकेवर निकाल दिला. पॉक्सोच्या प्रकरणात आरोपीने जामिनाचा अर्ज केला, की मुलाच्या कुटुंबाला नोटीस मिळाली पाहिजे आणि त्यांना म्हणणे मांडता आले पाहिजे. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाने तो मोफत द्यायचा आहे. स्त्रिया, मुले आणि अनुसूचित जातीच्या लोकांना यासाठी उत्पन्नाची अट नाही.

आरोपी अनुसूचित जाती-जमातीबाहेरचा असेल आणि मुलगी आपली आहे हे त्याला माहीत असेल, तर ॲट्रॉसिटी कायद्याचे कलम लागले आहे का ते पाहावे. त्या कायद्याच्या कलम 18 नेही अटकपूर्व जामिनाला मनाई आहे. प्रथमदर्शनी गुन्हाच दिसत नसेल, तेवढाच अपवाद. 2018 च्या निकालाने हे संरक्षण पातळ झाले होते. 2 एप्रिलच्या भारत बंदनंतर संसदेने ते पुन्हा पक्के केले आणि 10 फेब्रुवारी 2020 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती कायम ठेवली. 1990 पासून बौद्ध धर्म स्वीकारलेल्यांनाही अनुसूचित जातीचा दर्जा आहे. मात्र जातीचा दाखला हाती हवा.

आम्हाला ठाऊक आहे, ठेकेदाराकडे खाडा झाला की रोज बुडतो, कधी कामही जाते. तरी जामिनाच्या तारखेला घरातले एक माणूस गेलेच पाहिजे. धमकी आली असेल, मध्यस्थ आला असेल, आरोपी गल्लीतच राहत असेल, तर ते लिहून वकिलाच्या हाती द्यावे. न्यायाधीशांना हे कागदावरूनच कळणार. जामीन मिळाला तर अटी वाचून घ्याव्यात. अट मोडली तर तो रद्द करण्याचा अर्ज करता येतो, वरच्या न्यायालयातही जाता येते. तडजोडीचे म्हणाल, तर मुलांवरील असे गुन्हे आपसांत मिटवून खटला रद्द होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2024 मध्ये सांगितले आहे. घरी येणाऱ्या मध्यस्थाला एवढे उत्तर पुरेसे आहे.