डब्याला सीपीयू म्हणू नका

टेबलाखालच्या अख्ख्या डब्याला आपण ‘सीपीयू’ म्हणतो. वाङ्मय मंडळाचा अंक आहे, तेव्हा सुरुवात शब्दापासूनच करते. सीपीयू म्हणजे आतला प्रोसेसर, तळहातावर सहज मावणारा चौकोनी तुकडा. नाव चुकलं म्हणून कॉम्प्युटर बंद पडत नाही, पण त्या नावामुळे डबा ही एकच वस्तू वाटते आणि दुकानात आपण एकच प्रश्न विचारतो, “पूर्ण सेट कितीला?” डेस्कटॉप जोडताना होणाऱ्या बहुतेक चुका स्क्रूड्रायव्हर हातात यायच्या आधी, या प्रश्नातच होऊन जातात, असं माझं मत आहे.

सिकंदराबादच्या पार्क लेनला, सीटीसीत कोटेशन मागा. प्रोसेसरचं नाव पूर्ण लिहिलेलं असतं, ग्राफिक्स कार्डाचंही. आणि खाली कुठेतरी नुसतं ‘एसएमपीएस ४५० वॅट’. कंपनी नाही, मॉडेल नाही. कधी तर तो कॅबिनेटसोबत फुकटच! घासाघीस करून बजेट बसवायचं म्हटलं की कात्री इथेच लागते, कारण एसएमपीएसमुळे गेम पळत नाही आणि रंगीत दिवे लागत नाहीत. पण भिंतीतली २३० व्होल्टची वीज १२, ५ आणि ३.३ व्होल्टवर आणून प्रत्येक भागाला पुरवणारा तोच. स्वस्त एसएमपीएस लेबलवर लिहिलेले वॅट देतोच असं नाही, आणि जाताना मदरबोर्डलाही सोबत घेऊन जाऊ शकतो. ‘८० प्लस’ छाप पाहून निर्धास्त होऊ नका. तो छाप वीज किती वाया जाते एवढंच सांगतो, आतलं काम कसं आहे ते नाही. त्यापेक्षा वॉरंटी किती वर्षांची आहे ते विचारा.

घरचे म्हणतात, “ओळखीचा दुकानदार आहे गं, फसवणार नाही.” नसेलही फसवत. तरी प्रत्येक ओळीत मॉडेल लिहून मागण्यात कसला अपमान? पैसे आईबाबांचे आहेत.

कागदावर मॉडेल असलं की जुळणीही तपासता येते. एएमडीच्या एएम५ बोर्डांवर फक्त डीडीआर५ रॅम चालते. इंटेलच्या बाराव्या ते चौदाव्या पिढीच्या बोर्डांत डीडीआर४ आणि डीडीआर५ असे दोन्ही प्रकार मिळतात. दोन्ही रॅमची खाच वेगळ्या जागी असते, त्यामुळे एक दुसरीच्या जागी बसत नाही. इंटेल प्रोसेसरच्या नावात शेवटी ‘एफ’ असेल, तर त्यात ग्राफिक्स नाही. वेगळं कार्ड नसेल तर स्क्रीनवर काहीच दिसणार नाही.

प्रत्यक्ष जोडणी त्या मानाने सोपी. कूलरखालची प्लास्टिकची पट्टी काढा. दोनच रॅम असतील तर बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत बसवा. मॉनिटरची केबल ग्राफिक्स कार्डालाच लावा, हे तर मैत्रिणींना सांगून मी दमले. एका गोष्टीवर मात्र थांबते. एसएमपीएस बदलला तर त्याच्या सुट्या केबलही बदला. जुनी केबल नव्यात चपखल बसते, पण आतल्या तारांचा क्रम कंपनीगणिक, कधी मॉडेलगणिकही, वेगळा असतो. चालू करताच हार्डडिस्क जळू शकते, आणि तिच्यासोबत तुमचा प्रोजेक्ट. आणि कॅबिनेटला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर दुकानदाराशी भांडण्याआधी घरचं अर्थिंग बघून घ्या.

सगळं जोडून पहिल्यांदा बटण दाबल्यावर डीडीआर५ची मशीन काही मिनिटं नुसता काळा स्क्रीन दाखवू शकते. ती रॅमची ओळख करून घेत असते. घाबरून प्लग खेचू नका. चहा टाका. मग बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी किंवा एक्स्पो चालू करा, नाहीतर ६०००ची म्हणून घेतलेली रॅम बरेचदा ४८००वरच चालत राहते.