कुठे जायचं, हे शेवटी ठरवा

मित्रांमध्ये मोठ्या सहलीचा विषय निघाला की पहिला प्रश्न येतो, "कुठे?" कुणी खोपोलीच्या इमॅजिका पार्कचं नाव काढतं, कुणी लोणावळ्याच्या वॉटर पार्कचा व्हिडिओ दाखवतं, पोरं उड्या मारायला लागतात आणि दहा मिनिटांत तारीखही ठरून जाते. पुढच्या आठवड्यापासून गळती लागते. "आमचं यंदा नाही जमत भो, तुम्ही जाऊन या." एकाचा कापूस वेचणीला आलेला असतो, दुसऱ्याकडे पाहुणे यायचे असतात, तिसऱ्याच्या आईचे गुडघे दुखत असतात. ही कारणं खरी असतीलही. पण जळगावच्या पिंप्राळ्यात असे बेत बनताना आणि मोडताना पाहिल्यावर मला वाटतं, यातल्या बऱ्याच कारणांच्या मागे पैशाची अडचण असते, आणि ती चारचौघांत बोलून दाखवता येत नाही.

म्हणून माझं सांगणं असं की प्रश्नांचा क्रम बदला. आधी "किती?", मग "कोण कोण?" आणि सगळ्यात शेवटी "कुठे?"

आमच्याकडचा मित्रांचा कुठलाही गट घ्या. एक जण बँकेत, एक शाळेत शिक्षक, एक एमआयडीसीत चटईच्या कारखान्यात शिफ्ट करणारा, एक डाळमिलमध्ये हिशेब लिहिणारा, एकाचं किराणा दुकान, एकाची चार एकर शेती. शाळेत ही सगळी माणसं एका बाकावर बसलेली. मैत्री आजही तेवढीच आहे, मिळकत मात्र वेगवेगळी झाली. समजा, पार्कचं तिकीट माणशी दीड हजार धरलं, तर चौघांच्या कुटुंबाला तिकिटांचेच सहा हजार लागतात. प्रवास, मुक्काम, खाणं आणि आतला किरकोळ खर्च धरला की आकडा बारा-चौदा हजारांवर जातो. बँकेतला मित्र हा खर्च एका महिन्यात विसरतो. कारखान्यातल्या मित्राला तो पुढचे कित्येक महिने जाणवत राहतो. तरी बैठकीत दोघेही मान डोलावतात.

अशा मान डोलावण्यावर जेरी हार्वे या अमेरिकन प्राध्यापकांनी १९७४ साली एक लेख लिहिला, तो आजही व्यवस्थापनशास्त्राच्या वर्गात शिकवतात. त्यातल्या गोष्टीत टेक्सासमधल्या एका घरी उन्हाळ्याच्या दुपारी सगळे निवांत बसलेले असतात. हार्वेंचे सासरे म्हणतात, "ॲबिलीनला जेवायला जाऊ या." ॲबिलीन तिथून ५३ मैल, म्हणजे सुमारे ८५ किलोमीटर. रणरणतं ऊन, धूळ, गाडीत एसी नाही. तरी एकेक जण "हो" म्हणतो. जेवण वाईट मिळतं, सगळे थकून परततात, आणि मग उलगडतं की जायचं कुणालाच नव्हतं. सासऱ्यांनीसुद्धा बाकीचे कंटाळले असतील या समजुतीने विषय काढला होता. आपल्या गटांत हेच होतं. कुणी कुणावर जबरदस्ती करत नाही, फक्त नकार द्यायला प्रत्येक जण संकोचतो.

हा संकोच घालवायचा तर मित्राला एकटं गाठून "तुला परवडेल ना?" असं विचारू नये. तो प्रश्नच अपमान करतो. त्याऐवजी प्रत्येक घराने "आम्हाला एवढ्यापर्यंत झेपेल" असा एक आकडा चिठ्ठीवर लिहावा, नाव लिहू नये, आणि चिठ्ठ्या एका डब्यात टाकाव्यात. डबा उघडला की सगळ्यात लहान आकडा हेच सगळ्यांचं बजेट. सरासरी काढायची नाही. सरासरी काढली की खालचा माणूस पुन्हा बाहेर पडतो, आणि तो का बाहेर पडला हे सगळ्यांना कळूनही कुणी बोलत नाही. ज्याला जास्त खर्च करायचा आहे त्याला वर्षभरात दुसऱ्या संधी असतात. गटाची सहल मात्र गटातल्या शेवटच्या घराला झेपणारी असली पाहिजे.

त्या लहान आकड्याला थोडं मोठं करण्याचा मार्गही आपल्या हातातला आहे. खान्देशात भिशी कुणाला शिकवावी लागत नाही. गल्लीतल्या बायका ती चालवतात, दुकानदार चालवतात, कारखान्यातले कामगार चालवतात. तशी सहलीची भिशी लावावी, फक्त दर महिन्याला चिठ्ठी काढायची नाही, रक्कम साठवायची. दसऱ्याला सुरू केली तर मेपर्यंत आठ हप्ते होतात. घरटी हजार रुपये धरले तर आठ हजार जमतात. एकदम आठ हजार काढणं ज्याला अवघड, त्याला महिन्याचे हजार जमवणं तितकं अवघड नसतं. शिवाय सगळ्यांचा हप्ता सारखा असल्यामुळे सहलीत कुणीच कुणाचा उपकृत नसतो. एका मित्राने दुसऱ्याचं तिकीट काढणं मायेचं असलं, तरी ज्याचं काढलं त्याचं मन दोन दिवस मोकळं राहत नाही, हे मी पाहिलेलं आहे.

आता "कोण कोण?" पाच-सहा घरं निघाली की त्यात पाच वर्षांचं पोर असतं, कॉलेजात जाणारी मुलगी असते, बीपीची गोळी घेणारे नाना असतात आणि पाळण्यात कधी न बसलेली आजी असते. वॉल्ट डिस्नी लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कमध्ये आपल्या मुलींना गोल फिरणाऱ्या घोड्यांवर बसवायचे आणि स्वतः बाकावर बसून राहायचे. आईबाप आणि मुलं दोघांनाही एकत्र मजा करता येईल अशी जागा हवी, हा विचार तिथे आला असं ते सांगत. त्यातून १७ जुलै १९५५ रोजी डिस्नीलँड उघडलं. पहिल्या दिवशी तिथे खोट्या तिकिटांवर हजारो माणसं घुसली, ऊन भयंकर होतं आणि नळकारागिरांच्या संपामुळे पाणी पिण्याच्या बऱ्याच तोट्या कोरड्या होत्या. कल्पना कितीही चांगली असली तरी पाणी, सावली आणि गर्दी यांचा विचार आधी करावा लागतो.

थीम पार्कमध्ये बऱ्याच राइडना उंचीची अट असते. हृदयविकार, पाठीचं दुखणं, गरोदरपण असेल तर वेगाच्या राइडवर बसू देत नाहीत आणि ते योग्यच आहे. ही यादी घरी बसून करावी. रांगेत तासभर उभ्या राहिलेल्या पोराला फाटकाशी उंची मोजून परत पाठवलं की त्याचा दिवस तिथेच संपतो. वॉटर पार्कला आणखी एक गोष्ट असते. सुती साडी किंवा सलवार घालून पाण्यात उतरू देत नाहीत, नायलॉनचा पोशाख लागतो. अनेक वहिनी-काकूंना हे फाटकावर पोचल्यावर कळतं. मग भाड्याचा, मापात न बसणारा पोशाख घालून त्या अवघडून बसतात, नाहीतर दिवसभर सगळ्यांच्या पिशव्या सांभाळतात. पूर्ण बाह्यांचा, गुडघ्याखाली येणारा पोहण्याचा पोशाख बाजारात मिळतो. महिनाभर आधी बोलणं झालं तर तो घेता येतो. आणि ज्यांना पाण्यात उतरायचंच नाही त्यांना त्या दिवशी काय करायला आवडेल, हेही विचारायला हवं. सामानाशेजारी बसवून ठेवण्यासाठी आपण कुणाला सोबत नेत नाही.

एवढा गोतावळा हलवायचा तर कामं वाटावी लागतात. मॅक्स रिंगेलमन या फ्रेंच कृषी अभियंत्याने माणसांना दोर ओढायला लावून त्यांचा जोर मोजला होता. त्याचे निष्कर्ष १९१३ साली प्रसिद्ध झाले. आठ जण मिळून दोर ओढतात तेव्हा प्रत्येकाचा जोर, तो एकटा ओढताना लावतो त्याच्या निम्म्यावर येतो. सगळे ओढताहेत म्हणून प्रत्येकाचा हात सैल पडतो. पिंप्राळ्याच्या माणसाला यावरचा उपाय ठाऊक आहे. आषाढी एकादशीला आमच्याकडे विठ्ठलाचा रथ निघतो. दोराला असंख्य हात लागतात, पण रथ वळतो आणि थांबतो तो मोगरी लावणाऱ्यांच्या भरवशावर. नेमक्या क्षणी चाकाखाली लाकडी मोगरी सरकवणारे ठरलेले असतात. "कुणीतरी लावेल" असं तिथे चालत नाही. सहलीतही प्रत्येक घराच्या हाती एकेक मोगरी द्यावी. एकाकडे रेल्वेची तिकिटं, एकाकडे गाडी, एकाकडे खर्चाची वही, एकाकडे औषधं, एकाकडे लहान मुलांची मोजदाद. आणि ही कामं बायकांच्या वाट्याला आपोआप जाऊ देऊ नयेत. घरी रोज जी स्वयंपाक करते तिने सहलीतही पहाटे उठून वीस जणांच्या दशम्या लाटल्या, तर सुट्टी कुणाची झाली?

आता "कुठे?" या प्रश्नाचं उत्तर सोपं होतं, कारण पैसे आणि माणसं दोन्ही समोर असतात.

महाराष्ट्रात अशा मनोरंजन पार्कांची ओळख १९८९ साली गोराईच्या एस्सेल वर्ल्डने करून दिली. खोपोलीजवळचं इमॅजिका २०१३ साली मनमोहन शेट्टी यांनी सुरू केलं. २०२२ मध्ये ते संगमनेरच्या मालपाणी समूहाकडे गेलं. शिर्डी आणि लोणावळ्याची वेट एन जॉय ही वॉटर पार्कं याच समूहाची. गटात तरुण मंडळी जास्त असतील आणि बजेट असेल तर खोपोलीला जावं. तिथली नायट्रो ही राइड ताशी शंभर किलोमीटरच्या पुढे जाते आणि पायाखाली फळी नसते. तिथल्या एका जलसफरीला राजासौरसचं नाव आहे. हा डायनोसॉर खरोखर भारतातला. नर्मदेच्या परिसरात, गुजरातमध्ये त्याची हाडं सापडली आणि २००३ साली त्याला हे नाव मिळालं. आपल्या सातपुड्यापलीकडच्या नदीकाठचा हा प्राणी मुलांना आधी गोष्टीतून सांगितला, तर ती राइड त्यांच्या जास्त लक्षात राहील.

पण गटात आजी-आजोबा असतील, लहान पोरं असतील आणि चिठ्ठ्यांतला आकडा लहान निघाला, तर जळगावकरांसाठी शिर्डी उत्तम. अंतर खोपोलीच्या निम्म्याच्या आसपास. साईबाबांचं दर्शन होतं, भक्तीच्या विषयावरचं साईतीर्थ थीम पार्क आहे, मुलांना वॉटर पार्क आहे. नेहमीच्या एसटीने गेलं तर महिलांना तिकीट निम्मं आणि पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास मोफत. सगळ्यांना एकाच गाडीने जायचं असेल तर एसटीची बस प्रासंगिक करारावर मिळते.

खोपोलीला रेल्वेने जाणाऱ्यांनी दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. आरक्षण आता साठ दिवस आधी उघडतं आणि एका तिकिटावर सहाच नावं बसतात, म्हणून त्याच सकाळी तीन-चार जणांनी एकाच वेळी तिकिटं काढायला बसावं. आजी-आजोबांचं तिकीट मात्र दोघांचं वेगळं काढावं. ज्येष्ठांसाठी राखीव खालचा बर्थ एकट्याला किंवा दोघांनाच मागता येतो, मोठ्या गटात त्यांची नावं घातली की तो हक्क हातचा जातो. रात्रीच्या गाडीने पहाटे कल्याणला उतरून पुढे गाडी केली, तर पार्क उघडायच्या वेळेला फाटकावर पोचता येतं.

आत गेल्यावर सगळ्यांनी दिवसभर एकत्रच राहायचं, हा आग्रह सोडून द्यावा. जॉन लिटल या अमेरिकन प्राध्यापकांनी १९६१ साली सिद्ध केलेला एक सूत्रबद्ध नियम रांगांना लागू पडतो. तासाला ४८० माणसं बसवणाऱ्या राइडसमोर आपल्या पुढे २४० जण असतील, तर अर्धा तास थांबायचं. हा हिशेब कुणालाच चुकवता येत नाही. पण वीस जणांनी प्रत्येक राइडच्या आधी एकमेकांची वाट पाहिली, तर त्यात आपण आपल्या हाताने आणखी अर्धा तास घालतो. चार-पाच जणांचे तुकडे करावेत, प्रत्येकात एक जबाबदार माणूस आणि एक चालू मोबाइल असावा, आणि दुपारचं जेवण व संध्याकाळचा चहा मात्र ठरलेल्या जागी, ठरलेल्या वेळी, सगळ्यांनी मिळून घ्यावा. मोठ्या राइड सकाळी आटोपाव्यात. शनिवार-रविवार टाळावा, आणि हिवाळ्यात जायचं तर शाळांच्या सहलींचे दिवसही. पावसाळ्यात खोपोलीकडे धुवांधार पाऊस असतो आणि विजा असल्या की उघड्यावरच्या राइड थांबवतात, म्हणून तो मोसम नकोच. बाहेरचं खाणं बहुतेक पार्कांत आत नेऊ देत नाहीत. दशम्या, लाल मिरचीचा ठेचा आणि केळीचे वेफर्स प्रवासात संपवावेत.

हे सगळं करायला दोन-तीन बैठका लागतात आणि त्यांत वाद होतात. होऊ द्यावेत. घरी बसून झालेला वाद भाड्याच्या गाडीत, दमलेल्या पोरांसमोर होणाऱ्या वादापेक्षा बरा. चाळिशीनंतर नवे मित्र फारसे मिळत नाहीत, आणि असलेले बहुतेक वेळा भांडून जात नाहीत. दोन-तीन वेळा "यंदा नाही जमत" म्हणतात, मग त्यांना कुणी विचारेनासं होतं. ते टाळणं आपल्या हातात आहे. या दसऱ्याला सोनं वाटायला एकमेकांकडे जाल, तेव्हा चिठ्ठ्यांचा डबा बरोबर न्या, आणि गेल्या वेळी जो आला नव्हता त्याच्या घरापासून सुरुवात करा.