कोणते तळेगाव, कोणते बंदर?

पुणे जिल्ह्यात तळेगाव दोन आहेत. एक मावळातले, दाभाड्यांचे. दुसरे आमचे, शिरूर तालुक्यातले, ढमढेऱ्यांचे. पहिल्याला रेल्वेचे स्टेशन आहे, दुसऱ्याला वेळ नदी. दोघांच्या मधे अख्खे पुणे शहर. त्यामुळे लग्नाला निघालेला पाहुणा किंवा कुरिअरचे पाकीट दाभाड्यांच्या तळेगावी जाऊन पोहोचते आणि इकडे आम्ही वाट बघत बसतो, हा प्रकार आम्हाला नवा नाही. आमच्याकडचे शाळकरी पोरही पत्ता सांगताना गावाचे आडनाव आधी सांगते.

उत्तर युरोपच्या समुद्रातून हिंडणाऱ्या प्रवासी जहाजांची रंगीत पत्रके वाचताना हा धडा फार उपयोगी पडतो. पत्रकात ‘बर्लिन’ असे ठळक छापलेले असते. आता बर्लिनला समुद्र नाही. जहाज लागते ते वार्नेम्युंडे नावाच्या बंदराला. तिथून बर्लिन दोनशे किलोमीटरहून अधिक दूर आहे आणि जायला तीन तास, यायला तीन तास लागतात. ‘स्टॉकहोम’ छापलेले जहाज पुष्कळदा शहराच्या दक्षिणेला साठेक किलोमीटरवरच्या न्यूनेसहाम्नला उभे राहते. कोपनहेगनला एक धक्का प्रसिद्ध जलपरीच्या पुतळ्यापासून चालत जाण्याजोगा, तर दुसरा पार उत्तरेकडच्या नव्या बंदरात. तेव्हा जहाजाच्या प्रवाशाने पहिला प्रश्न विचारायचा तो आमच्या गावचाच : कोणते तळेगाव?

तळेगाव ढमढेऱ्याचा आणि बाल्टिक समुद्राचा संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध आता आला आहे. रांजणगाव आणि सणसवाडीला कारखाने आले, जमिनींना भाव आले, पोरे इंजिनिअर होऊन जर्मनीला आणि हॉलंडला गेली. मागे राहिलेले निवृत्त शिक्षक, ग्रामसेवक, एस.टी.तले आणि बँकेतले लोक आता पासपोर्ट बाळगून आहेत. मी बँकेत अधिकारी होतो, कादंबऱ्या लिहितो आणि दोन वर्षांपूर्वी सौ.सह कोपनहेगनहून निघणारी अशी एक सफर करून आलो. या तिहेरी पात्रतेमुळे मंडळी पत्रके घेऊन माझ्याकडे येतात. प्रश्न बहुतेक एकच असतो. “साहेब, बंदरावरच्या सहली जहाजाच्याच घ्याव्यात, की आपले आपण उतरावे?”

या प्रश्नावर दोन पंथ आहेत. एक म्हणतो, परका मुलुख, परकी भाषा, कशाला ती जोखीम? पैसे भरा आणि बसमध्ये बसा. दुसरा पंथ बहुधा तरुणांचा. तो म्हणतो, सहली ही शुद्ध लूट आहे, आपला हात जगन्नाथ. माझे मत असे की दोघांनीही हिशेब मांडलेला नाही. आणि हिशेब मांडणे हा तर माझा छत्तीस वर्षांचा धंदा.

आधी जहाजाचा नियम समजून घेऊ. जहाज सकाळी बंदराला लागते आणि बहुधा संध्याकाळी सुटते. सुटण्याच्या आधी, साधारण अर्धा तास, सर्वांनी आत आलेच पाहिजे. जहाजाने विकलेल्या सहलीची बस रस्त्यात अडकली तर जहाज थांबते, किंवा त्या प्रवाशांना पुढच्या बंदरावर नेऊन पोहोचवण्याची जबाबदारी घेते. तुम्ही आपले आपण गेलात आणि उशीर झाला, तर जहाज तुमच्याविना निघते. पुढचे बंदर तुम्ही तुमच्या खर्चाने गाठायचे.

याचा अर्थ काय झाला? जहाजाच्या सहलीची जी जबर किंमत असते, ती बसची आणि गाइडची तर असतेच, पण त्यात आणखी एक गोष्ट विकत घेतलेली असते. ती म्हणजे हमी. आमच्या भाषेत ही बँक गॅरंटी. गॅरंटीचे कमिशन द्यावे की नाही हे ज्याच्या-त्याच्या स्वभावावर ठरत नाही, व्यवहारातल्या धोक्यावर ठरते. जिथे धोका मोठा तिथे कमिशन द्यावे. जिथे धोका नाहीच, तिथे ते देणारा माणूस सावध नव्हे, नुसता उधळा म्हणायचा.

आता हे माप एकेका बंदराला लावून बघा. एस्टोनियाची राजधानी टॅलिन. जहाजाच्या डेकवरून जुन्या गावातले सेंट ओलाफ चर्चचे उंच शिखर दिसते. धक्क्यापासून गावाच्या वेशीपर्यंत रमतगमत वीस मिनिटे. रस्ता चुकला तर मान वर करून शिखर बघायचे. इथे बसची सहल घेणे म्हणजे शिवाजीनगरहून डेक्कनला जायला विमा उतरवण्यासारखे आहे. हेलसिंकीही तसेच. बाजारचौकातून सरकारी फेरीबोट पंधरा-वीस मिनिटांत सुओमेनलिन्ना या बेटावरच्या किल्ल्यावर नेते, आणि तिला शहरातल्या ट्रामचेच तिकीट चालते.

याच्या उलट बर्लिन. सहा तास जाण्यायेण्यात, वर रेल्वेचा भरवसा. जर्मन रेल्वे घड्याळ लावून धावते ही आपल्याकडची समजूत आता फार जुनी झाली. बर्लिन पाहायचेच असेल तर जहाजाचीच सहल घ्या, हमी वसूल होते. पण बर्लिन पाहायलाच हवे असे कोणी सांगितले? वार्नेम्युंडेहून लोकल गाडी वीसेक मिनिटांत रोस्टोक शहरात सोडते. तिथल्या सेंट मेरी चर्चमध्ये 1472 सालचे खगोलीय घड्याळ आहे. तास, तिथी, चंद्राच्या कला, राशी, सगळे त्यात दिसते. त्याची पंचांगाची तबकडी 2017 साली संपली, तेव्हा 2018 पासून नवी बसवली. सुमारे साडेपाचशे वर्षे पंचांग चालू ठेवणारे हे गाव आमच्या पत्रकात नावालाही नव्हते.

नॉर्वेकडे जाणाऱ्यांसाठी तिसरा प्रकार. फ्लॉम नावाच्या चिमुकल्या गावातून डोंगर चढणारी वीस किलोमीटरची रेल्वे आहे. समुद्रसपाटीपासून निघून ती साडेआठशे मीटरहून वर जाते. तिथे प्रश्न धोक्याचा नसून जागेचा असतो. जहाजे लागली की तिकिटे संपतात. ते घरूनच काढावे लागते. गेरांगेरला तर मोठे जहाज बहुधा खाडीतच उभे राहते आणि छोट्या होड्यांतून उतरवतात. आपल्या कोकणात बोट अशीच दूर उभी राहायची आणि पडावातून माणसे किनाऱ्यावर यायची. तिथे जहाजाच्या सहलीवाल्यांना होडीत आधी घेतात. म्हणून आपण हाताशी एक तास कमी आहे असेच धरावे.

आणि एक काळ असाही होता की हमीचा प्रश्नच नव्हता. या सफरींचे मुख्य आकर्षण सेंट पीटर्सबर्ग. रशियाचा व्हिसा नसलेल्या जहाजी प्रवाशाला तिथे मान्यताप्राप्त सहलीबरोबरच, 72 तासांपर्यंत, उतरता येई. 2022 साली युक्रेनवर आक्रमण झाले आणि मोठ्या जहाज कंपन्यांनी ते बंदरच वगळले. हरमिटाजच्या आशेने जुनी प्रवासवर्णने वाचून कोणी पैसे भरणार असेल तर थांबावे.

हिशेबाची रीत सांगतो, कारण ‘आपले आपण’ याचा अर्थ ‘कसेही’ असा नव्हे. दिवसाची आखणी शेवटाकडून करायची. जहाजात परत शिरण्याची वेळ आधी लिहा. तिच्यातून मार्जिन वजा करा. तारणावर कर्ज देताना बँक पूर्ण किमतीइतके पैसे कधी देत नाही, तसे हातातल्या आठ तासांवर सहाच तासांचा बेत करावा. मग परतीचा रस्ता, मग पाहण्याची वस्तू, आणि सर्वांत शेवटी निघण्याची वेळ. पाहण्याच्या वस्तू एक किंवा दोन. तिसरी लिहिली की पहिल्या दोन पळत पाहाव्या लागतात.

त्याखाली बारीकसारीक नोंदी. वार कोणता? जर्मनीत रविवारी दुकाने बंद असतात, सोमवारी अनेक संग्रहालये. घड्याळ कोणते? फिनलंड आणि एस्टोनिया हे स्वीडनच्या एक तास पुढे. मोबाइल आपोआप बदलतो, जहाजाने आपली वेळ बदलली की नाही ते विचारावे लागते. जहाज ब्रिटनला जाणार असेल तर तिथला व्हिसा वेगळा, आणि शेंगेन देशांतून बाहेर पडून परत शिरायचे असेल तर एकाहून अधिक प्रवेशांचा व्हिसा. औषधे दोन दिवसांची जवळ. बंदरावरच्या एजंटचा फोन नंबर जहाजाच्या रोजच्या पत्रकात छापलेला असतो, तो कागदावर उतरवून खिशात.

पैशाबद्दल दोन शब्द माझ्या अधिकारात बोलतो. डेन्मार्क, स्वीडन आणि नॉर्वे यांचे क्रोन वेगवेगळे, जर्मनी, फिनलंड आणि एस्टोनियात युरो. प्रत्येक देशाच्या नोटा बदलून घेत बसू नये. कार्ड सगळीकडे चालते, स्वीडनमध्ये तर काही दुकाने रोकड घेतच नाहीत. मात्र रिझर्व्ह बँकेच्या 2020 च्या नियमानुसार नवे कार्ड परदेशासाठी बंदच असते. निघण्याआधी ते चालू करून घ्यावे. आणि दुकानातल्या यंत्राने ‘रुपयांत बिल करू का?’ असे प्रेमाने विचारले तर नाही म्हणावे. त्या प्रेमाचा दर वेगळा असतो.

इथवर सगळे हिशेबाचे झाले. पण मंडळी माझ्याकडे येतात तेव्हा त्यांचे खरे दुखणे निराळे असते, हे मला हळूहळू कळत गेले. आमच्या शेजारच्या गुरुजींना मुलाने तिकीट काढून दिले. सोबत प्रत्येक बंदरावरची सहलही भरून टाकली आणि फोनवर सांगितले, “बाबा, तुम्ही फक्त बसा.” मुलगा प्रेमाचा आहे, काळजीपोटीच बोलला. पण गुरुजींनी ते पत्रक माझ्यापुढे ठेवले आणि म्हणाले, “साहेब, चाळीस वर्षे मी पोरांच्या सहली काढल्या. रायगड, अजिंठा, म्हैसूर. एक पोर हरवू दिले नाही. आणि आता मला सांगतात, फक्त बसा.”

हे ‘फक्त बसा’ आमच्या वयाला चहूकडून ऐकू येते. दवाखान्यात, बँकेत, लग्नात, मुलाच्या घरी. सगळे निर्णय झालेले असतात, आपण खुर्ची शोधायची. परदेशातला तो एक दिवस, सकाळी आठ ते संध्याकाळी पाच, हा आमच्यासारख्यांना अचानक हाती आलेला संपूर्ण दिवस असतो. तिथे आपल्याला कोणी ओळखत नाही, कोणी उठवत नाही, बसवत नाही. तो दिवस कुठे खर्चायचा हे ठरवण्याचा हक्क विकत दिला, तर मागे फोटो तेवढे उरतात.

टॅलिनच्या चौकात एक औषधाचे दुकान आहे. निदान 1422 सालापासून ते चालू आहे. सौ. तिथे पाऊण तास रमली. तिच्या माहेरी वैदूचे घर होते. जुन्या काचेच्या बरण्या, वाळवलेली मुळे, खल-बत्ते ती एकेक करून बघत होती आणि आपल्याकडची नावे मला सांगत होती. तेवढ्यात निळी छत्री उंच धरलेल्या बाईंच्या मागून चाळीस माणसे आली, सहा मिनिटे थांबली आणि गेली. त्यातल्या एक आजी दारातच रेंगाळल्या, आत बघत राहिल्या, मग छत्री पुढे गेली तशा धावल्या. त्या कोणत्या देशाच्या होत्या कोण जाणे. त्यांनाही बरण्या बघायच्या होत्या एवढे मात्र दिसले.

याचा अर्थ सहल कंपन्यांना नावे ठेवावीत असा नाही. 1984 साली केसरी पाटील यांनी आपली संस्था काढली. अशा संस्थांनी ज्या मराठी माणसाला कधी सातारा ओलांडता आला नव्हता त्याला वरणभातासकट स्वित्झर्लंड दाखवले, हे ऋण मोठे आहे. गुडघे दुखत असतील, ऐकू कमी येत असेल, एकट्याने जाण्याचे मन होत नसेल, तर बसमध्ये बसण्यात कमीपणा कसला? हमी घेणे हाही निर्णयच आहे, फक्त तो ज्याचा त्याने घेतलेला असावा. मुलांना माझे सांगणे एवढेच : तिकीट जरूर काढा, विम्याचे आणि व्हिसाचे बघा, पण बंदरांची पाने कोरी सोडा. ती आई-वडिलांना भरू द्या.

गुरुजींनी सहलींपैकी एकच ठेवली, बर्लिनची. बाकीच्या मुलाला सांगून रद्द केल्या. मग त्यांनी दोनशे पानी वही आणली, प्रत्येक बंदराला एक पान आखले, आणि पहिल्या रकान्यात परतीची वेळ लाल शाईने लिहिली. पुढच्या महिन्यात ते निघत आहेत. परवा विचारत होते, हेलसिंकीच्या त्या बेटावर बसायला बाक आहेत ना? आहेत म्हटले. “मग झाले तर,” म्हणाले, “डबा तिथेच सोडू.”