दत्ताची चार, आमचे एक

जोगेश्वरीतील आमच्या सोसायटीच्या प्रवेशद्वारी दत्ताची तसबीर आहे. पायाशी चार कुत्री. दर गुरुवारी तिला हार चढतो. त्याच भिंतीवर, हातभर अंतरावर, सूचना लागली आहे: कुत्र्यांना लिफ्टबंदी. ती चार म्हणजे वेद, असा कार्यकारिणीचा खुलासा. असतील; आमचे वेद नव्हे, नुसतेच कुत्रे आहे. बहुमताने ठराव केला तरी सोसायटीला पाळीव प्राण्यांवर बंदी घालता येत नाही आणि त्यांना लिफ्टही नाकारता येत नाही, हे भारतीय प्राणी कल्याण मंडळाने २०१५ सालीच स्पष्ट केले आहे.

पण नियम राहू द्या. दिवेलागणीला दार उघडताच जो आनंद आमच्या अंगावर झेप घेतो, तो यांच्यापैकी कोण देणार? (लिफ्टमध्ये ही मंडळी ओळखही दाखवीत नाहीत.) आता त्याचे वय तेरा, मागचे पाय थकलेले. आम्ही त्याला लिफ्टनेच नेतो. दंडाची पावती खुशाल फाडावी.