बायो सोडलेल्यांनो, जरा इकडे!

अकरावीत बायो सुटलं तेव्हा आपल्यातल्या निम्म्या जनतेने हुश्श केलं असेल. 'नुसतं पाठांतर रे!' आमच्या कॉन्व्हेंटमध्येही सेल मेम्ब्रेन दीड ओळीत उरकलं होतं : पेशीच्या आत काय जाईल, बाहेर काय येईल ते हा पडदा ठरवतो. कसं ठरवतो? ते परीक्षेला नव्हतं. माझं मत विचाराल तर हा धडा मेडिकलवाल्यांपेक्षा आपला जास्त आहे.

फॉस्फोलिपिडचा रेणू म्हणजे एक डोकं नि दोन शेपट्या. डोक्याला पाणी आवडतं, शेपट्यांना अजिबात नाही. असे रेणू पाण्यात पडले की आपोआप दोन थर लावतात, डोकी पाण्याकडे आणि शेपट्या मध्ये लपलेल्या. ना ड्रॉइंग, ना वेल्डिंग! लहानसं भोक पडलं तर तेही स्वतःच बुजवतात. गॉर्टर आणि ग्रेंडेल या डच जोडीने १९२५ मध्ये तांबड्या पेशींतली चरबी काढून पाण्यावर पसरली, तर क्षेत्रफळ पेशींच्या दुप्पट भरलं. म्हणजे थर दोन. (खरं तर चरबी पूर्ण निघाली नव्हती आणि पेशींचं क्षेत्रफळही कमी धरलं होतं. दोन चुका एकमेकींत कटल्या आणि उत्तर बरोबर! आपल्या जर्नलमध्ये असं का होत नाही?)

ऑक्सिजन या पडद्यातून सहज जातो. चार्ज असलेले आयन मात्र मधल्या तेलकट थराला अडतात. त्यांच्यासाठी प्रोटीनची दारं आहेत, आणि ती फार चोखंदळ. पोटॅशियमच्या दारातून पोटॅशियम जातो, पण त्याहून लहान सोडियम अडतो! कारण आयनभोवती पाण्याच्या रेणूंचा कोट असतो. दारातले ऑक्सिजन अणू पोटॅशियमला बरोब्बर बसतील अशा अंतरावर आहेत, म्हणून तो कोट काढून आत शिरतो. सोडियम त्यांच्यात सैल पडतो, त्यामुळे कोट सोडायला तयार होत नाही. असला फिल्टर आपल्यापैकी कोणी डिझाइन करून दाखवावा.

'पण आपल्याला काय उपयोग?' हा प्रश्न मेसच्या टेबलावर हमखास येतो. ग्लुकोज आणि सोडियम आतड्याच्या पेशीत एकाच दारातून जोडीने शिरतात, हे रॉबर्ट क्रेन यांनी १९६० मध्ये मांडलं. त्यांच्यामागे पाणीही येतं, आणि कॉलऱ्यात हे दार चालूच राहतं. १९७१ मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत सलाइन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, सोडा आणि ग्लुकोजचं पाणी पाजायला सुरुवात केली. मृत्यूचं प्रमाण ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या आत आलं. ना पंप, ना मशीन.

सिलॅबस युनिव्हर्सिटीचा, तो बदलेपर्यंत आपण पास होऊन जाऊ. पण शनिवारी दुपारी सेमिनार हॉल रिकामाच असतो. एखाद्या सायन्स कॉलेजच्या बायोच्या मॅडमना महिन्यातून एकदा बोलावायला काय हरकत आहे? चहाचा खर्च हॉस्टेलची पोरं वर्गणी काढून करतील.